केबल बंद करायचीय? आधी घरात कोण काय बघतं ते लिहून काढा

मागच्या दिवाळीनंतर आईकडची, म्हणजे नाशिकच्या घरची केबल आम्ही बंद केली. माझ्या डोंबिवलीच्या घरातली केबल जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तिथे ते एका फोनचं काम होतं, कारण आम्ही दोघं तसंही रात्री जेवताना लॅपटॉपवरच काहीतरी लावायचो. आईकडे मात्र पूर्ण दीड महिना लागला. तिच्या संध्याकाळच्या मालिका, बाबांच्या बातम्या, सुट्टीत येणाऱ्या भाच्यांची कार्टून, क्रिकेट, सकाळचे अभंग, सगळं त्या एका डब्यावर होतं. त्या दीड महिन्यात जे कळलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण आता नात्यात-ओळखीत दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की काय काय घ्यावं लागतं, किती पैसे लागतात, आणि आईला जमतं का गं.

यातला शेवटचा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायचा. वायर, राउटर, अ‍ॅप हे सगळं दोन दिवसात होतं. पण ज्या माणसाच्या हाताला गेली दहा-बारा वर्षं तीन आकडी चॅनल नंबर पाठ आहे, भाजी निवडता निवडता न बघता जो तो नंबर दाबतो, त्याच्या हातातला रिमोट आपण काढून घेतोय हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं करायचं. मी हे आईला आधी विचारलं नाही आणि पहिले चार दिवस ती टीव्हीसमोर बसलीच नाही, मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

वही घ्या आणि आठ दिवस लिहा

घरात कोण, किती वाजता, कुठलं चॅनल बघतं ते आठ दिवस लिहून काढायचं, एवढंच. आमच्याकडे पॅकमध्ये तीनशेच्या वर चॅनल होती आणि आठ दिवसांत वहीत आली सात. त्यातली तीन मराठी मालिकांची, दोन बातम्यांची, एक स्पोर्ट्सचं, एक कार्टूनचं. ही यादी हातात आली की कुठलं अ‍ॅप घ्यायचं आणि कुठलं अजिबात नको हे आपोआप ठरतं, नाहीतर लोक आधी चार-पाच सबस्क्रिप्शन घेऊन बसतात आणि मग म्हणतात केबलपेक्षा महाग पडलं.

त्याच वहीत केबलचं बिलही फोडून लिहा. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे टीव्ही-फोन सेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानुसार बिलाचे दोन भाग असतात. एक नेटवर्कचा आकार, ज्याला एनसीएफ म्हणतात, आणि दुसरा तुम्ही घेतलेल्या पे चॅनलचे किंवा पॅकचे पैसे. एनसीएफ तेव्हा जास्तीत जास्त १३० रुपये ठरवला होता, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. सुरुवातीला त्यात १०० चॅनल बसायची, २०२० मध्ये २०० केली, आणि २०२४ मध्ये ट्रायने ती १३० ची मर्यादाच काढून टाकली, म्हणजे आता हा आकार ऑपरेटर ठरवतो. बहुतेक लोक दर महिन्याला येणाऱ्या दादांना ते सांगतील तेवढे पैसे देतात आणि पॅकमध्ये काय आहे ते कधी विचारतच नाहीत. विचारा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी केबल सोडलीच नाही, फक्त इंग्रजी आणि हिंदी सिनेमाचे पॅक काढून मराठी आणि बातम्या ठेवल्या, आणि त्यांचं काम तेवढ्यातच भागलं. तेही चालतं की.

आता खरा हिशोब

हा भाग नीट वाचा, कारण इथेच सगळे फसतात. तुमच्या घरी आधीपासून ब्रॉडबँड असेल, मुलांच्या अभ्यासाला किंवा वर्क फ्रॉम होमला घेतलेलं, तर केबल सोडून पैसे नक्की वाचतात. पण इंटरनेट फक्त टीव्हीसाठी नवीन घेणार असाल तर मोजून बघा. जिओ फायबरचा ३० एमबीपीएस (हे इंटरनेटच्या वेगाचं माप) चा ३९९ चा प्लॅन आला तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात ३९९ बसलंय, पण त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की ४७० रुपये ८२ पैसे होतात, वर्षाचे साडेपाच हजारांच्या वर, आणि अ‍ॅपचे पैसे अजून वेगळेच. आईकडे केबलला महिना चारशेच्या आसपास जायचे, म्हणजे नुसत्या इंटरनेटनेच ते ओलांडले असते. आम्ही तरी केलं कारण बाबांना इंटरनेट हवंच होतं, माझ्या बहिणीशी व्हिडिओ कॉल लागत नव्हता. तुमचं तसं कारण नसेल आणि फक्त बचत हवी असेल तर सरळ खाली फ्री डिशचा भाग वाचा, तुमच्यासाठी तोच रस्ता बरा.

कुठलं चॅनल कुठल्या अ‍ॅपवर

स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्हीच्या मालिका आता जिओहॉटस्टारवर असतात, कारण जिओसिनेमा आणि हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ पासून एक झाले. झी मराठी, झी युवा, झी टॉकीज म्हणजे झी फाइव्ह. सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. जुने मराठी सिनेमे आवडणारं कुणी घरात असेल तर अल्ट्रा झकास नावाचं फक्त मराठीचं अ‍ॅप आहे.

बातम्यांसाठी एक रुपयाही देऊ नका. एबीपी माझा, टीव्ही नाईन मराठी, झी चोवीस तास, साम टीव्ही, पुढारी न्यूज ही सगळी यूट्यूबवर दिवसभर लाइव्ह असतात. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, मग आपण इतकी वर्षं पैसे कशाचे देत होतो. दूरदर्शन हवं असेल तर प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेव्ह्ज नावाचं अ‍ॅप सुरू केलंय, त्यावर दूरदर्शनची चॅनल लाइव्ह दिसतात.

प्लॅन घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, तो टीव्हीवर चालतो का. मोबाइल प्लॅन स्वस्त असतो पण तो मोबाइलवरच चालतो, टीव्हीवर लावायला गेलं की अपग्रेड करा म्हणतं. मोबाइलच्या रिचार्जसोबत जे फुकट मिळतं तेही बहुतेक वेळा मोबाइलपुरतंच असतं. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा सुपर प्लॅन ३ महिन्यांना २९९ आणि वर्षाला ८९९ होता, जाहिरातींसकट, एकाच वेळी दोन ठिकाणी चालणारा. आज काय दर आहे ते अ‍ॅपमध्ये बघूनच घ्या, हे आकडे सारखे हलतात. नेटफ्लिक्सचा २०२१ च्या डिसेंबरमध्ये १९९ चा बेसिक झाला, तो टीव्हीवर चालतो, पण एकाच स्क्रीनवर. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून मध्ये जाहिराती येतात आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे द्यावे लागतात. आईकडे नेटफ्लिक्स आणि प्राइम दोन्ही घेतले नाहीत, वहीत त्यांचं कामच नव्हतं.

अजून एक, पहिल्यांदाच वर्षाचा प्लॅन घेऊ नका. एक किंवा तीन महिन्यांचा घ्या, घरातले खरंच बघतात का ते कळू द्या, मग वर्षाचा. आणि टेलिग्रामवर किंवा ओळखीतून "सगळी चॅनल वर्षभर पाचशे रुपयात" असा डबा किंवा लिंक कुणी देत असेल तर हात लावू नका. ते चोरीचं असतं, एक दिवस बंद पडतं आणि तक्रार करायला समोर कुणी नसतं.

इंटरनेट किती लागतं

लोकांना वाटतं १०० एमबीपीएस पाहिजेच. एका टीव्हीवर चांगल्या एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-के असेल तर १५ धरा. म्हणजे ३० मध्ये एक टीव्ही आणि दोन-तीन मोबाइल आरामात चालतात. डेटाचा हिशोब असा की एचडीमध्ये तासाला साधारण ३ जीबीपर्यंत जातात, रोज पाच तास टीव्ही चालू असेल तर महिन्याला ४५० जीबी. फायबरच्या प्लॅनमध्ये हे सहज बसतं. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या २ जीबीत, तासभरही धड बघून होत नाही, त्यामुळे हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार सोडून द्या.

फायबर तुमच्या गल्लीत पोचलं नसेल तर छतावर अँटेना लावून फाइव्ह-जीवर चालणारं एअर फायबर मिळतं. जिओचं १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीलाच, मुंबई-पुण्यासकट आठ शहरांत सुरू झालं होतं. घेण्याआधी त्यांच्या माणसाला तुमच्याच गच्चीवर स्पीड मोजून दाखवायला सांगा, समोर उंच बिल्डिंग असेल तर फरक पडतो.

आणि तुमचा केबलवालाच इंटरनेटही देतो का ते विचारा, बऱ्याच गावांत आणि सोसायट्यांत तोच देतो. मला वैयक्तिक विचाराल तर गल्लीतला माणूस बरा, कारण वायर तुटली की तो शिडी घेऊन येतो. आमच्याकडे रस्त्याचं खोदकाम झालं आणि ऐन पाहुणे असताना तीन दिवस इंटरनेट गेलं, कंपनीच्या नंबरवर फक्त रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू यायचा. घर गावाकडे असेल, लाइट जात असेल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजारात येतो, आणि इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि फायबरचा तो छोटा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर लावा. एकच लावून उपयोग नाही, हे लोक विसरतात.

राउटर कुठे ठेवता यावर निम्मा खेळ आहे. बसवायला येणारा मुलगा वायर वाचवायला दाराजवळच ठोकून जातो. त्याला टीव्हीच्या खोलीत आणायला लावा, आणि जमलं तर राउटरमधून टीव्हीला सरळ वायरच जोडा, मग अडकणं-फिरणं जवळजवळ बंद होतं. वायर नाही जमली तर बघा, राउटर दोन नावांनी वायफाय दाखवतो, एक २.४ आणि एक ५. पाचवालं वेगवान असतं पण भिंतीतून नीट जात नाही. राउटर त्याच खोलीत असेल तर ५, मध्ये जाड भिंत असेल तर २.४.

टीव्ही स्मार्ट नसेल तर

नवीन टीव्ही घ्यायची घाई नको. मागे एचडीएमआयचं भोक असेल तर फायर स्टिक किंवा गूगल टीव्हीवाला डबा लावून काम होतं, तीन ते पाच हजारात. जुना स्मार्ट टीव्ही असेल आणि त्यावर अ‍ॅप अपडेट होत नसतील, उघडताना बंद पडत असतील, तरी हीच स्टिक लावा. स्टिकचं अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्येच घाला, टीव्हीच्या यूएसबीत घातलं तर करंट पुरत नाही आणि ती मधूनच बंद होऊन चालू होते. आमच्याकडे आठवडाभर हेच चाललं होतं आणि मी इंटरनेटला दोष देत बसले होते. नवीन टीव्ही घेणारच असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

आईचा रिमोट

आता मुख्य काम. पहिल्या दिवशी मी आईला सगळं एकदम शिकवायला गेले, होम, बॅक, प्रोफाइल, सर्च, आणि ती म्हणाली राहू दे, मी स्वयंपाकाचं बघते. दुसऱ्या वेळी मी उलटं केलं. तिला फक्त एक मालिका लावता यावी एवढंच ठरवलं.

आधी टीव्हीच्या होम स्क्रीनवरची नको ती सगळी अ‍ॅप काढून टाकली किंवा मागे ढकलली, आणि पुढे तीनच ठेवली, ओळीने, जिओहॉटस्टार, झी फाइव्ह, यूट्यूब. मग सेटिंगमध्ये जाऊन एचडीएमआय सीईसी नावाचं असतं ते चालू केलं, म्हणजे स्टिकच्याच रिमोटने टीव्हीही चालू होतो आणि दोन रिमोट हातात घ्यावे लागत नाहीत. हे केल्याशिवाय आई-वडिलांच्या हातात काही देऊच नका, "टीव्हीवर निळं आलंय" असे जे फोन येतात ते सगळे इनपुट बदलल्यामुळे येतात. केबलच्या रिमोटवर आकडे होते, याच्यावर एक गोल आणि चार-पाच सारखीच काळी बटणं, त्यात आईला ओके कुठलं ते चष्मा लावल्याशिवाय दिसत नव्हतं. तिनेच आरशावरची एक लाल टिकली काढून ओकेच्या मधोमध चिकटवली. आता बोटाला टिकली लागली की तिला कळतं. बॅकच्या बटणावर मग आम्ही हिरवी लावली. नंतर मावशीकडे, सासरी, शेजारच्या आजींकडे, सगळीकडे मी हेच केलंय, दोन टिकल्या आणि तीन अ‍ॅप.

प्रत्येक अ‍ॅपमध्ये तिच्या मालिका वॉचलिस्टमध्ये टाकून ठेवा, म्हणजे शोधावं लागत नाही. माइकचं बटण दाबून मालिकेचं नाव बोललं तरी बहुतेक वेळा बरोबर येतं, आईला ते फार आवडलं. आणि भाग केव्हाही बघता येतो, मध्ये थांबवता येतो हे सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं. कुकरची शिट्टी झाली, मी ओके दाबलं, ती आत जाऊन गॅस बारीक करून आली, परत दाबलं आणि चित्र तिथूनच पुढे चालू. त्या दिवशी ती स्वतः म्हणाली, आता केबल नको.

हे होईपर्यंत केबल चालूच ठेवायची. किमान एक महिना दोन्ही शेजारी शेजारी असू द्या. एक महिन्याचे पैसे जास्त जातात ते जाऊ देत.

क्रिकेट

आयपीएल २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर फुकट होती, त्यावरून अजून पुष्कळांना वाटतं की मॅच ऑनलाइन फुकटच असते. २०२५ पासून तसं राहिलं नाही, सबस्क्रिप्शन लागतं. दुसरं म्हणजे ऑनलाइन चित्र केबलपेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतं. समोरच्या विंगमध्ये फटाका वाजतो आणि आपल्याकडे बोलर अजून रनअपवर असतो. बाबांना याचा मनापासून त्रास होतो आणि याला उपाय नाही, मोबाइलवरची स्कोअरची नोटिफिकेशन तेवढी बंद करून ठेवा.

फ्री डिश, गावाकडच्या घरासाठी

सिन्नरकडे मामाच्या मळ्यावर फायबर नाही, तिथे आम्ही डीडी फ्री डिश बसवली. प्रसारभारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, डिश आणि डब्याचे मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर एकदाच द्यायचे, नंतर महिन्याला काही नाही, रिचार्ज नाही. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, काही खाजगी मराठी चॅनलही असतात, पण ती लिलावाने जागा घेतात त्यामुळे वर्षा-वर्षाला बदलतात. मोठ्या चॅनलच्या नव्या मालिका तिथे मिळतील या आशेवर घेऊ नका, ते आधीच घरात सांगून ठेवा. डबा घेताना एमपेग-४ वालाच मागा, जुन्या डब्यावर कमी चॅनल दिसतात. गच्चीवर एखाद्या बंद केलेल्या डीटीएचची डिश पडली असेल तर तीच वापरता येते, फक्त तोंड फिरवावं लागतं, आपल्याकडून उपग्रह आग्नेयेला येतो. त्या बाजूला आंब्याची फांदी वगैरे आड नको.

आणि क्रिकेटवाल्यांसाठी यात एक गोष्ट आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या मॅचचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावंच लागतं, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते प्रक्षेपण दूरदर्शनचं स्वतःचं जाळं आणि फ्री डिश एवढ्यावरच दाखवायचं, खाजगी केबलवर नाही. त्यामुळे भारताच्या बऱ्याच मॅच मामाला फुकट दिसतात आणि अर्धा मिनिट मागेही नसतात. आयपीएल त्या यादीत नाही.

शहरात राहूनही फ्री डिश आणि जोडीला एकच अ‍ॅप असं करता येतं, मला तर हे कॉम्बिनेशन सगळ्यात किफायतशीर वाटतं.

ऑटोपे आणि बॉक्स परत करणं

प्रत्येक अ‍ॅप पैसे भरताना ऑटोपे चालू करायला लावतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला हवा आणि तो येतोही, पण वडीलधारी माणसं मेसेज वाचत नाहीत. म्हणून सबस्क्रिप्शन तुमच्या नंबरवरून घ्या, आणि घेतल्या दिवशीच यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन बंद करून टाका. ज्या मुदतीचे पैसे दिलेत ती मुदत पूर्ण मिळते. वहीच्या शेवटच्या पानावर कुठलं अ‍ॅप, कुठला नंबर, कुठल्या तारखेला संपतं ते लिहून ठेवा.

केबल बंद करायची ती महिन्याच्या शेवटी, पुढचे पैसे भरण्याआधी. केबलवाल्या दादांना फोन तर कराच, पण तारखेसकट व्हॉट्सअ‍ॅपवरही लिहून पाठवा. बॉक्स विकत घेतलेला की भाड्याचा ते जुन्या पावतीवर बघा, डिपॉझिट दिलं असेल तर ते परत मागायचं असतं. भाड्याचा असेल तर बॉक्स, अ‍ॅडॉप्टर आणि रिमोट तिन्ही परत द्या. भिंतीतून आलेली वायर मात्र कापू देऊ नका, गुंडाळून टीव्हीच्या मागे ठेवा, उद्या परत घ्यावीशी वाटली तर नव्याने भोकं पाडावी लागत नाहीत. बॉक्स नेताना पावती घ्या, त्यावर बॉक्सचा नंबर आणि आतल्या कार्डाचा नंबर लिहून घ्या, आणि पावतीचा फोटो काढून आई-बाबांच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनमध्ये ठेवा.